डेअरीचा कॉम्प्युटर आणि बासष्ट वेळा

किस्से कुणी जमवत नसतं. दुधाच्या कॅनच्या झाकणाला आतून साय धरते, तसे ते धरतात. रोज झाकण पुसलं तरी दुसऱ्या दिवशी थोडी असतेच. आमच्या गावच्या डेअरीत मी कॅन उचलले, दूध मोजलं, टाकी धुतली. तेवढ्या वर्षांत किती किस्से झाले, मोजदाद नाही. पण पारावर चार माणसं जमली की मला कॉम्प्युटरचेच सांगायला लावतात. मी सावकाश बोलतो. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाचं. मी सांगतोय त्या सालाआधी दोन पावसाळे कोरडे गेले होते. शेतात काही नव्हतं. निम्मं गाव माजलगावकडं ऊस तोडून परत आलं होतं. गायी गावाबाहेरच्या चारा छावणीत बांधलेल्या होत्या. घरातून विकायला बाहेर पडेल अशी एकच गोष्ट उरली होती, दूध. ते आमच्या सहकारी सोसायटीच्या डेअरीत यायचं आणि तिथून तालुक्याच्या दूध संघाचा टँकर घेऊन जायचा.

त्या उन्हाळ्यात संघानं सगळ्या लहान केंद्रांना पत्र धाडलं. दूध कमी झालंय, टँकर गावोगाव फिरवणं जमत नाही, तर ज्या केंद्राचं काम चोख तेवढंच ठेवायचं. चोख म्हणजे काय तेही लिहिलं होतं. एप्रिल महिना शिकायला, मे महिना परीक्षेला. मेचे एकतीस दिवस, सकाळ आणि संध्याकाळ, अशा बासष्ट वेळा दूध मोजल्याची नोंद कॉम्प्युटरात तारीख आणि वेळेसकट झाली पाहिजे. एक जरी वेळ कोरी गेली तर केंद्र बंद. मग आमच्या लोकांनी दूध अकरा किलोमीटरवरच्या गावी न्यायचं. मेच्या उन्हात किटलीतलं दूध अकरा किलोमीटर टिकत नाही, हे पत्र लिहिणाऱ्यालाही माहीत असणार.

आमची माणसं मोजकी. चेअरमन अण्णा. सेक्रेटरी अंकुशराव. कॉम्प्युटर चालवायला आष्टीहून एसटीनं येणारी शबाना, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. आणि मी, नाना, चौथी पास.

शबानानं कॉम्प्युटरात एक फाईल बनवली होती. तिला ती बॅच फाईल म्हणायची. म्हणजे करायची कामं एकाखाली एक लिहून ठेवायची आणि बटण दाबलं की त्यानं ती एका दमात करायची. आधी आजची तारीख घे. मग आत्ताची वेळ घे. दोन्ही जोडून एक नाव तयार कर. त्या नावाची फाईल बनव आणि आजच्या दुधाची यादी तिच्यात टाक. बटण दाबलं की एक काळी खिडकी उघडायची, पांढरी अक्षरं सरसर पळायची आणि खिडकी आपोआप मिटायची. ती मिटली की आमचा जीव भांड्यात पडायचा.

*

पहिल्याच दिवशी खिडकी मिटली, पण फाईल काही झाली नाही.

शबानानं पाहिलं. तारखेच्या मधे तिरक्या रेघा होत्या आणि फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, असं ती म्हणाली. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांना ते लागलं. चेअरमन झाल्यापासून त्यांनी सहीखाली तारीख तिरक्या रेघा मारूनच घातली होती. ते म्हणाले, "कावून चालत न्हाई? कलेक्टरला चालती, ह्याला कावून न्हाई?"

शबाना शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुमची सही कागदावर असते. याला आडवी रेघ लागते."

तिनं तिरक्या रेघांच्या जागी आडव्या टाकल्या, वेळेतली टिंबं काढली, आणि फाईल झाली. अण्णा उठून गेले. आम्हाला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी सगळीकडं आडवी रेघ सुरू केली. ठरावावर, छावणीच्या अर्जावर, पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा. छापखान्यातल्या माणसानं विचारलं तर म्हणाले, "तिरकी आता बंद झाली. आमच्याकडं कॉम्प्युटर हाय."

*

सहा एप्रिलला सकाळीच संघातून फोन आला. तिथले सुपरवायझर साहेब बोलत होते. माणूस कडक, पण आवाज कधी चढवायचे नाहीत. ते म्हणाले, तुमच्या केंद्राची चार मेची फाईल आलीय, ती कशी काय?

झालं होतं असं, की कॉम्प्युटर परदेशी वळणाचा होता. तो महिना आधी लिहायचा आणि दिवस नंतर. आदल्या दिवशी त्यानं लिहिलं होतं चार-पाच. म्हणजे चौथ्या महिन्याची पाच तारीख. संघानं ते आपल्या पद्धतीनं वाचलं, पाचव्या महिन्याची चार तारीख. शबाना अजून आली नव्हती, त्यामुळं यातलं काही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. फोन अंकुशरावांच्या हातात होता. अंकुशराव कुठं अडकणारे नव्हेत. ते म्हणाले, "साहेब, दुष्काळ हाय. पुढच्या महिन्यात गायी आटतील म्हनून आत्ताच पाठवून दिलं."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बरं. म्हणजे चार मेला तुमच्याकडं टँकर पाठवायचा नाही."

अंकुशरावांनी फोन ठेवला आणि शबानाची एसटी येईपर्यंत रस्त्यावर उभे राहिले.

*

त्या एप्रिलातलाच हा पुढचा, आणि तो माझ्या जिवाला लागलेला आहे.

शबाना पावणेदहाच्या गाडीनं यायची आणि पाचच्या गाडीनं जायची. दूध मात्र सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते सात. म्हणजे दोन्ही वेळा ती नसायची. तिनं मला बटण दाबायला शिकवलं. उंदरासारखं ते यंत्र सरकवायचं, 'दूध' लिहिलेल्या चित्रावर आणायचं, दोनदा दाबायचं. माझ्या हाताला ते बरेच दिवस बसेना, पण बसलं.

संध्याकाळी मी दाबलं की फाईल व्हायची. सकाळी दाबलं की व्हायची नाही. काळ्या खिडकीत काहीतरी इंग्रजी ओळ यायची आणि पुढं काही नाही. दहा वाजता शबाना यायची, तेच बटण दाबायची आणि फाईल झालेली असायची. तिच्यावर वेळ पडायची दहा वाजून पाच मिनिटं. साहेबांनी फोनवर विचारलं, तुमचं सकाळचं दूध दहाला येतं का, तोवर तर दही लागलं असेल. मेमध्ये अशी वेळ चालणार नाही, हे त्यांनी हळू आवाजात दोनदा सांगितलं.

सगळ्यांनी विचार केला. संध्याकाळी नानाच्या हातानं होतं, सकाळी नानाच्याच हातानं होत नाही. अंकुशराव म्हणाले, "नाना, सकाळी तुमी आंघोळ न करता येता. त्या यंत्राला चालत नसंल."

ते चेष्टेत म्हणाले असतील. मला खरं वाटलं. माझ्या बोटांना सायीचा ओशटपणा असतो, हे मला माहीत होतं. त्या दिवसांत पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा आणि आमच्या घराला दोन हंडे मिळायचे. तरी मी तीन दिवस पहाटे तांब्याभर पाण्यानं आंघोळ केली, हात राखेनं घासले, आणि मग डेअरीत गेलो. तरी झालं नाही.

तिसऱ्या दिवशी रखमाआत्या रांगेत पहिली होती. नातं तसं काही नाही, पण सगळं गाव तिला आत्या म्हणतं. एक गाय, एक किटली, आणि बोलणं एकदम सरळ. मी तीनदा बटण दाबताना तिनं बघितलं आणि म्हणाली, "नाना, उगं कशाला त्याला तरास देतो? सरकारी मानूस दिसतोय. धाच्या आदी कामाला हात लावतंय का कोन?"

रांग हसली. मीही हसलो, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

शबानाला हे कळलं तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली. पावणेआठला माझ्या शेजारी उभी राहून तिनं स्वतः बटण दाबलं. झालं नाही. तिच्या हातानंही झालं नाही! मला किती बरं वाटलं, ते सांगता यायचं नाही. मग तिनं ती ओळ वाचली, वही काढली, काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि बराच वेळ त्या वेळेच्या आकड्याकडं बघत राहिली.

मग तिनं मला दाखवलं. दहापासून पुढं वेळेत दोन आकडे असतात. अकरा, बारा, संध्याकाळचे अठरा, एकोणीस. पण सात, आठ, नऊ हे एकटे आकडे. त्यांच्या पुढची जागा कॉम्प्युटर मोकळी सोडायचा. त्या मोकळ्या जागेपाशी फाईलचं नाव तुटायचं, आणि तिथंच त्याची अडचण व्हायची. शबानानं एक ओळ वाढवली. जिथं मोकळी जागा दिसेल तिथं शून्य भर. मी दाबलं. खिडकी उघडली, मिटली आणि फाईल झाली.

शबाना म्हणाली, "नाना, तुमच्या हातात काही खोट नव्हती. तीन दिवस पाणी उगाच घालवलंत."

*

एप्रिल संपता संपता कॉम्प्युटरच्या आतला सेल गेला. रुपयाएवढा गोल सेल असतो म्हणे. बाहेरची लाईट गेली की त्या सेलवर आतलं घड्याळ चालतं. आमच्याकडं लाईट रोज जायची. ती आली की कॉम्प्युटर उठायचा, आणि त्याला वाटायचं आज एक जानेवारी आहे. तीही जुन्या कुठल्या तरी सालातली. मधलं काही त्याला आठवायचंच नाही.

अंकुशराव म्हणाले, "लई सुखी हाय बे ह्यो. दोन्ही दुष्काळ इसरला."

सेल आष्टीत मिळेना. नगरहून यायचा होता आणि आणणारा दर खेपेला विसरत होता. मेची परीक्षा तोंडावर आलेली. शबानानं ठरवलं की सकाळी लाईट आल्यावर तारीख आणि वेळ मीच घालायची. काळी खिडकी उघडायची, इंग्रजीत तारीख हा शब्द टाकायचा, तो विचारतो आज काय आहे, मग आकडे टाकायचे. आकडे मला वजनकाट्यामुळं येत होते. अक्षरं येत नव्हती.

तिनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. तारखेच्या शब्दात चार अक्षरं होती. पहिल्या अक्षराच्या बटणावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. एक, दोन, तीन, चार असं दाबत जायचं. वेळेच्या शब्दाला निराळा रंग हवा होता. अंकुशरावांनी तंबाखूची डबी पुढं केली, आणि वेळेचे ठिपके चुन्याचे झाले. दोन बटणांवर लाल आणि पांढरे दोन्ही आले.

पहिल्या दिवशी मी लाल ठिपके एक ते चार मोजून दाबले, तारीख घातली, पांढरे मोजून दाबले, वेळ घातली. सगळं मिळून बराच वेळ लागला.  चेष्टा करणारी माणसंसुद्धा किटल्या खाली ठेवून माझ्या बोटाकडं बघत होती.

माझ्या बायकोला मी घरी सांगितलं, की आज कॉम्प्युटरला तारीख मी सांगितली. तिला वाटलं, मला ऊन लागलंय.

*

तारीख घालणं सोपं, ती कॅलेंडरवर असते. वेळ कुणाची घालायची? सोसायटीतलं भिंतीवरचं घड्याळ अण्णांनी मुद्दाम पुढं ठेवलेलं, माणसं लवकर यावीत म्हणून. किती पुढं, ते अण्णाही विसरले होते. अंकुशरावांचं मनगटी घड्याळ त्यांच्यासारखंच, विचारलं तर उत्तर द्यायचं, पण खात्री नाही.

मी एक दिवस सहज रखमाआत्याची किटली खालून हातावर धरली. ती छावणीत रोज एकाच वेळी धार काढते, पहिली एसटी घाटाखाली भोंगा वाजवते तेव्हा. तिथून चालत येते. धार नुकतीच काढलेली असली की किटलीचं बूड अंगाएवढं ऊन असतं, उशीर झाला की कोमट होत जातं. एवढी वर्षं मी किटल्या धरल्या, हाताला तेवढं कळतं. मी मनाशी हिशेब केला आणि वेळ घातली, सहा पस्तीस.

तेवढ्यात टँकरचा ड्रायव्हर आला. दूध जमेपर्यंत तो रोज तिथंच थांबायचा. त्याच्या मोबाईलवर सहा बत्तीस होते. अंकुशराव खुशीत म्हणाले, "नाना, तीन मिनिटं पुढं हायत तुमी."

मी काही बोलायच्या आत रखमाआत्याच म्हणाली, "त्याचं बरोबर हाय. आज गाईनं पान्हा उशिरा सोडला."

हे मला आजही पटत नाही. पान्हा उशिरा सोडला तर दूध जास्त ऊन लागायला हवं, आणि मी वेळ मागं घालायला हवी होती. पण ती माझ्या बाजूनं बोलली, म्हणून मी गप्प बसलो. नंतर ड्रायव्हरच्या मोबाईलवरून वेळ घालायचं ठरलं.

*

मेच्या मध्यावर जिल्ह्यातले एक पुढारी छावणी बघायला येणार होते. अण्णांनी त्यांना डेअरीतही बोलावलं. पुढाऱ्यांच्या हस्ते बटण दाबायचं आणि जी फाईल होईल ती कागदावर छापून भिंतीला लावायची, असं ठरलं. सकाळी नऊची वेळ दिली होती. रोजच्या दुधाची नोंद मी आठलाच करून टाकली, कारण पुढाऱ्याच्या भरवशावर एक वेळ कोरी जाऊ द्यायची नव्हती.

पुढारी बारा वाजून दहा मिनिटांनी आले. हार झाला, नारळ झाला, त्यांनी बटण दाबलं. कागद छापून आला, त्यावर मोठ्या अक्षरांत तारीख आणि खाली बारा-दहा.

ते छावणीकडं गेल्यावर अण्णा हळूच शबानाला म्हणाले की तेवढे नऊ करून दे, भिंतीवर बरं दिसत नाही.

शबाना म्हणाली, "अण्णा, आज यांच्यासाठी तीन तास मागं नेलं, तर उद्या संघाला कुठली वेळ खरी म्हणून सांगू?"

अण्णांनी बराच वेळ कागद हातात धरला. मग स्वतःच खिळा ठोकून तसाच लावला.

पुढारी परत जाताना डेअरीत पाणी प्यायला थांबले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. हे बारा-दहा काय, त्यांनी विचारलं. अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "साहेब, तुमी आलात ती येळ हाय."

पुढाऱ्यांनी कागद वाचला, मान हलवली आणि बरोबरच्या लोकांना म्हणाले, "बघा. कॉम्प्युटरनंसुद्धा लिहून दिलं. अगदी वेळेवर आलो."

*

आता शेवटचा.

मे तसा नीट चालला होता. तीस तारखेच्या सकाळपर्यंत एकोणसाठ वेळा झाल्या होत्या, एकही कोरी नाही. त्या दिवशी अवस होती, अमावस्या.

आमच्या गावात अवसेच्या संध्याकाळचं दूध विकत नाहीत. कधीपासून, ते कुणाला माहीत नाही. त्या वेळचं दूध वासराचं आणि घराचं. एरवी सगळं दूध डेअरीत जातं आणि घरात काळा चहा होतो. त्या दुष्काळात तर लेकरांना महिन्यातून तेवढी एकच संध्याकाळ दूध दिसायचं. दुपारपासून ती वाट्या घेऊन चुलीपुढं बसायची. कॉम्प्युटरला तारीख कळते, वेळ कळते, अवस कळत नाही. एप्रिलच्या अवसेला आमची एक वेळ कोरी गेली होती, आणि सुपरवायझर साहेबांनी ती लाल पेनानं गोल करून परत पाठवली होती. बाजूला लिहिलं होतं, मेमध्ये असं नको.

दुपारी सोसायटीत बैठक झाली. अण्णा म्हणाले, एक अवस मोडू. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. लोक एकेक करून उठून गेले.

माणसं गेल्यावर अंकुशरावांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचं डोकं नेहमीसारखं चाललं होतं. उद्या सकाळचं दूध आलं की त्यातल्या अर्ध्या माणसांची नोंद करण्याआधी तारीख एक दिवस मागं न्यायची, वेळ संध्याकाळची घालायची. मग पुन्हा पुढं आणायची. लाल ठिपके, पांढरे ठिपके. कुणाला कळणार होतं?

"नाना, तुमच्या बोटात हाय गाव," ते म्हणाले.

खरंच होतं ते. मी शबानाकडं पाहिलं. ती पाचच्या गाडीनं गेली नव्हती, थांबली होती.  मी म्हणालो, मला चार-चार अक्षरं येतात, तीही या पोरीनं ठिपके देऊन शिकवलेली. त्या अक्षरांनी खोटं लिहायचं माझ्याच्यानं होणार नाही. अंकुशराव चिडले नाहीत. बाकड्यावर बसले आणि डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सहा वाजले. मी काटा पुसला, टाकीचं झाकण उघडलं, कॉम्प्युटर सुरू करून ठेवला. दार उघडं होतं, रस्ता मोकळा. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. अण्णा दारात उभे होते.

मग रस्त्यानं रखमाआत्या येताना दिसली. हातात किटली.

अण्णा पुढं गेले. म्हणाले, "आत्या, तू अवस मोडलीस?"

तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यापाशी आली, किटली काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "नाना, ह्ये इकायचं न्हाई. नुसतं मोज. तुज्या डब्यात तारीख टाक, टाइम टाक, आन माजं दूध मला माघारी दे. नातवंडं खोळंबल्यात."

मी शबानाकडं बघितलं. शबानानं यादीत आत्याचं नाव शोधलं आणि दराच्या घरात शून्य भरलं. मी दुधातलं पाणी बघायचा लॅक्टोमीटर बुडवला, बघितलं, काढला. काढताना त्याचा थेंब किटलीतच निथळू दिला. काट्यावर दोन लिटर शंभर मिली. आत्यानं किटली उचलली, चिठ्ठी घेतली, आणि गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाली नाही तोवर दुसरी बाई आली. मग दोघी. मग रांग लागली. सबंध गाव दूध घेऊन आलं, मोजून घेतलं, आणि दूध घेऊन परत गेलं. कुणी घाई करत नव्हतं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टाकीत एक थेंब पडला नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा मी बटण दाबलं. खिडकी उघडली, मिटली.

मागं वळून बघतो तर दारात सुपरवायझर साहेब उभे. अवस आहे हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच ते न सांगता आले होते. रस्त्यात त्यांना भरल्या किटल्या घेऊन घराकडं जाणारी माणसं भेटली असणार.

 त्यांनी आधी कॉम्प्युटरवरची फाईल बघितली. तारीख बघितली. फाईलवरची वेळ आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पडताळून बघितलं. यादी वरपासून खालपर्यंत वाचली, दराचा रकानाही वाचला. मग टाकीपाशी गेले, मापाची पट्टी आत सोडली आणि वर काढली. पट्टी कोरडी.

"दूध कुठंय?" त्यांनी विचारलं.

 रखमाआत्या परत आली होती, चिठ्ठीवर तिच्या नावापुढचा आकडा बरोबर पडलाय का, विचारायला. ती म्हणाली, "ज्येच्या त्येच्या घरी ग्येलं, साहेब. तुमी तारीख बगा, बरोबर हाय का."

साहेब खुर्चीवर बसले. बराच वेळ त्या लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या बटणांकडं बघत राहिले. अण्णांनी चहा मागवला. तो काळाच आला. साहेबांनी कप हातात घेतला, आत बघितलं, एकदा आत्याकडं बघितलं, आणि तसाच प्यायला.

कप खाली ठेवून त्यांनी तपासणीचा कागद पुढं ओढला. त्या संध्याकाळच्या रकान्यात बरोबरची खूण केली. मग शेऱ्याच्या जागेत, हळूहळू, वळणदार अक्षरात लिहिलं: संकलन वेळेवर. टाकी अत्यंत स्वच्छ.